आईचं नाव, कोर्टाच्या वहीत

अमेरिकेत आपली वंशावळ शोधायला निघालेल्यांची वाट बहुधा एकाच ठिकाणी अडते. तिथली पहिली देशव्यापी शिरगणती १७९० सालची. तिच्यात नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं आहे, बाकीचं घर नुसत्या आकड्यात. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहायला १८५० साल उजाडलं आणि गुलामगिरीत जन्मलेल्या बहुतेकांची नावं शिरगणतीत पहिल्यांदा आली ती १८७० साली. त्यामागे ब्रिटिश वसाहतींचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा काळ आहे. चर्चच्या नोंदी तुटक, जहाजांच्या याद्या बऱ्याचशा नाहीतच. हाताशी राहतात त्या काउंटी कोर्टाच्या वह्या; काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. त्यात गव्हर्नर आणि बडे जमीनदार आहेतच, पण नोकर, गुलाम, विधवा, अनौरस मुलं अशी माणसंही आहेत, ज्यांची नोंद ठेवायची गरज एरवी कुणालाच वाटली नसती.

या वह्या कशा तयार झाल्या ते पाहायला व्हर्जिनियात जावं लागतं. १६३४ साली तिथल्या वसाहतीचे आठ भाग पाडले गेले आणि प्रत्येकाला स्वतःचं कोर्ट मिळालं. ही कोर्टं फक्त न्यायनिवाडा करत नव्हती. तहसील, नोंदणी कार्यालय आणि दिवाणी-फौजदारी अशी सगळी कामं एकाच टेबलावर होत. न्यायाधीश म्हणजे गव्हर्नरने नेमलेले त्याच भागातले मातब्बर शेतमालक. कायदा शिकलेला त्यांच्यात क्वचितच कुणी असे. कोर्ट भरलं की तंबाखूच्या उधारीचे तंटे, खरेदीखतं, मृत्युपत्रं, चुकलेली गुरं, मारलेल्या लांडग्यांचं बक्षीस, अनाथ मुलांचे पालक, पळून गेलेल्या नोकरांची शिक्षा असं सगळं एकापाठोपाठ यायचं आणि कारकून ते वहीत उतरवायचा. दंड, कर आणि देणी तंबाखूच्या वजनात. चेसापीक उपसागराच्या पूर्व काठावरच्या अ‍ॅकोमॅक आणि नॉर्थॅम्प्टन भागातल्या वह्या १६३२ पासून सलग टिकल्या आहेत. अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींमध्ये इतक्या जुन्या आणि अखंड काउंटी नोंदी दुसऱ्या नाहीत.

त्या वाचणं मात्र सोपं नाही. सतराव्या शतकातलं ते वळण आजच्या इंग्रजी वाचकाला आपल्याला मोडी वाटते तितकंच परकं वाटतं आणि एकाच माणसाचं नाव एका पानावर दोन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. तारखांचा घोळ वेगळाच. १७५२ पर्यंत इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे वहीत ‘८ मार्च १६५४’ दिसलं तर आपल्या हिशेबाने ते साल १६५५. हे माहीत नसलं की मुलगा बापाच्या लग्नाआधी जन्मतो आणि मेलेला माणूस जमीन विकताना दिसतो.

ही ८ मार्चची तारीख मी सहज घेतलेली नाही. त्या दिवशी नॉर्थॅम्प्टन कोर्टाने अँथनी जॉन्सनच्या बाजूने निकाल दिला. या वह्यांच्या आधारे एका घराण्याचा माग किती लांब काढता येतो हे पाहायचं असेल, तर त्याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. १६२१ साली ‘जेम्स’ जहाजातून तो व्हर्जिनियात उतरला. तेव्हा कागदावर तो ‘अँटोनियो, नीग्रो’ एवढाच होता. पुढच्याच मार्चमध्ये स्थानिक आदिवासींनी इंग्रज वस्त्यांवर हल्ला चढवला, त्यात तो ज्या बेनेटच्या मळ्यावर होता तिथली पन्नासहून अधिक माणसं मारली गेली. हा वाचला. १६२२ साली ‘मार्गारेट अँड जॉन’ जहाजातून मेरी आली. १६२५ च्या मोजदादीत दोघांची नावं त्याच मळ्यावर आहेत. पुढे ती नवरा-बायको म्हणून दिसतात, आडनाव जॉन्सन, आणि दोघंही स्वतंत्र.

१६४५ साली नॉर्थॅम्प्टनच्या कारकुनाने एक संभाषण लिहून ठेवलं. ‘अँथनी, नीग्रो’ नावाचा माणूस शेजारच्या गोऱ्या कॅप्टनबरोबर मक्याच्या पिकाची वाटणी करून आला होता. तो म्हणाला, बरं झालं, आता माझी जमीन कोणती ते मला कळलं, मनात येईल तेव्हा काम करीन, मनात येईल तेव्हा खेळेन. हा अँथनी म्हणजे जॉन्सनच, असं इतिहासकार सहसा धरतात. पण त्या वहीत आडनाव नाही आणि त्याच काउंटीत अँथनी नावाचे इतरही आफ्रिकी होते. वंशावळ लावणाऱ्याने अशा जागी घाई करू नये. नाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं होत नाही.

१६५१ साली जॉन्सनला २५० एकर जमीन मिळाली. नियम असा होता की, जो कुणी वसाहतीत माणूस आणण्याचा खर्च करेल त्याला माणशी ५० एकर. पाच माणसांच्या नावावर हे २५० एकर. थोड्याच दिवसांत आग लागून मोठं नुकसान झालं. तेव्हा कोर्टाने मेरी आणि तिच्या दोन मुलींना आयुष्यभराची करमाफी दिली आणि कारण नोंदवलं की, हे कुटुंब तीस वर्षांहून अधिक काळ व्हर्जिनियात कष्ट करून राहिलं आहे. हे वाचताना १६४३ चा कायदा हाताशी ठेवावा लागतो. त्या कायद्याने आफ्रिकी बायकांवर डोईपट्टी बसवली होती, गोऱ्या बायकांवर नाही. आगीची ही एक नोंद झाली म्हणून त्या घरात दोन मुली होत्या हे आज आपल्याला कळतं. मुलींची नावं लिहिलेली नाहीत.

मग जॉन कॅसोरचा खटला. कॅसोर आफ्रिकी होता आणि जॉन्सनकडे राबत होता. आपण सात-आठ वर्षांच्या कराराने आलो होतो, पुढे आपल्याकडे ज्याला गिरमिट म्हणू लागले तसल्या, आणि मुदत संपूनही सोडत नाहीत अशी त्याची तक्रार. जॉन्सनचं म्हणणं, हा जन्मभराचा माझा माणूस. घरच्यांनी समजावल्यावर त्याने कॅसोरला एकदा जाऊ दिलं, कॅसोर शेजारच्या रॉबर्ट पार्करकडे गेला, आणि मग जॉन्सन कोर्टात गेला. ८ मार्चचा तो निकाल जॉन्सनकडे. कॅसोर परत, खर्च पार्करवर. स्वतः बेड्यांतून सुटलेल्या माणसाने दुसऱ्याला जन्मभर बांधून घेतलं, हे त्याच्या वंशजाला वाचायला जड जाईल. पण कोर्टात गेल्याशिवाय माणूस वहीत येत नाही आणि कोर्टात माणूस सहसा चांगल्या कामासाठी जात नाही. आपल्याकडे वतनाच्या भांडणात सांगितलेल्या करिन्यांतून, म्हणजे घराण्याच्या हकिकतींतून, पिढ्या कळतात, तसंच हे.

याच सुमाराला उपसागराच्या पलीकडे नॉर्थंबरलँड काउंटीत एलिझाबेथ की नावाची तरुणी आपल्या स्वातंत्र्यासाठी लढत होती. बाप थॉमस की, वसाहतीच्या विधिमंडळाचा सभासद. आई आफ्रिकी. ती ज्याच्याकडे राबत होती तो मालक मेला आणि त्याच्या वारसदारांनी तिला मिळकतीत धरलं. तिने विल्यम ग्रिनस्टेड या इंग्रजाच्या मदतीने दावा लावला. इंग्रजी रिवाजाप्रमाणे मुलाचा दर्जा बापावरून ठरतो, बाप स्वतंत्र म्हणून मी स्वतंत्र, हा तिचा एक मुद्दा. साक्षीला आली ऐंशीच्या घरातली एलिझाबेथ न्यूमन. तिने सांगितलं की, ही कीची मुलगी हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि या पोरीपायी कीला ब्लंट पॉइंटच्या कोर्टाने दंडही केला होता. ब्लंट पॉइंट होतं वॉरिक काउंटीत आणि त्या काउंटीच्या जुन्या वह्या जवळजवळ सगळ्या नष्ट झाल्या आहेत. त्या दंडाची हकीकत उरली ती दुसऱ्या काउंटीत, एका म्हातारीच्या जबानीत. वरच्या कोर्टाने एकदा निकाल फिरवला, तरी शेवटी १६५६ साली एलिझाबेथ सुटली आणि तिने ग्रिनस्टेडशी लग्न केलं. आज ग्रिनस्टेड घराण्यातले लोक तिच्यापर्यंत पोचतात. तिच्या मागे मात्र वाट बंद होते. तिच्या आईचा उल्लेख ‘त्याची नीग्रो बाई’ एवढाच आहे.

सहा वर्षांनी, डिसेंबर १६६२ मध्ये, विधिमंडळाने ही पळवाटच बुजवली. मूल गुलाम की स्वतंत्र हे यापुढे फक्त आईवरून ठरेल, असा कायदा केला. त्यामुळे गोऱ्या मालकाला स्वतःच्या मुलांनाच मालमत्ता म्हणून धरता आलं. याहून क्रूर कायदा त्या वसाहतीच्या पुस्तकात शोधूनही सापडणं कठीण. आणि याच कायद्यामुळे कोर्टाच्या कारकुनाला आईचं नाव लिहिणं भाग पडलं. स्वातंत्र्य मागणारा प्रत्येक जण अमक्या स्वतंत्र बाईचा मुलगा, तमकीची नात म्हणून उभा राहू लागला. बाकीच्या जगात वंशावळी बापाच्या नावाने चालत होत्या, तेव्हा या वह्यांत त्या आईच्या नावाने चालल्या.

१६९१ च्या कायद्याने यात भर घातली. गोऱ्या बाईला आफ्रिकी पुरुषापासून मूल झालं तर तिला पंधरा पौंड दंड, नाहीतर पाच वर्षांची चाकरी, आणि मूल तिसाव्या वर्षापर्यंत बांधलेलं. १७०५ साली ते वय एकतीस झालं. १७६५ साली खाली आलं, मुलांसाठी एकवीस आणि मुलींसाठी अठरा. पण दरम्यान दोन-तीन पिढ्या त्यात गेल्या. बांधलेल्या मुलीला चाकरीतच मूल झालं की तेही बांधलं जायचं. प्रत्येक वेळी कोर्टाचा हुकूम, हुकमात आईचं नाव, बहुतेकदा मुलाचं नाव आणि वय. पॉल हाइनेग या संशोधकाने व्हर्जिनिया, मेरिलँड आणि कॅरोलिनांच्या असल्या नोंदी वर्षानुवर्षं चाळून शेकडो स्वतंत्र आफ्रिकी-अमेरिकन घराण्यांच्या पिढ्या जोडल्या. त्यांना आढळलं की, यातली बहुसंख्य घराणी गोऱ्या मोलकरणींपासून सुरू होतात. कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या गोष्टींपेक्षा हे कितीतरी वेगळं होतं.

या वह्यांत आपल्या बाजूची माणसंही आहेत. १६३५ साली जॉर्ज मेनेफी नावाच्या जमीनदाराने ज्या माणसांच्या नावावर जमीन मागितली, त्या यादीत ‘टोनी, ईस्ट इंडियन’ आहे. त्यानंतरच्या काळातही व्हर्जिनिया-मेरिलँडच्या कोर्टांत ‘ईस्ट इंडियन’ नोकर अधूनमधून येतात, काही जण स्वातंत्र्य मागायला. तो शब्द तेव्हा हिंदुस्थानपासून पूर्वेच्या बेटांपर्यंत कुणालाही लावत, त्यामुळे टोनी कोकणातला की कोरोमंडलचा की आणखी पलीकडचा, याचा अंदाजही करू नये. दोन पिढ्यांत त्यांची मुलं वहीत ‘मुलाटो’, म्हणजे मिश्र वंशाची, होतात आणि पूर्वेचा उल्लेख गळून जातो.

जे उरलं ते कसं उरलं हेही सांगायला हवं. लाकडी कोर्टघरं जळली. यादवी युद्धात काही काउंट्यांनी आपल्या वह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून रिचमंडला पाठवल्या आणि ३ एप्रिल १८६५ ला दक्षिणेच्या सैन्याने शहर सोडताना लागलेल्या आगीत त्या गेल्या. जेम्स सिटी काउंटीचं दफ्तर असंच संपलं. शोध घेणारे अशांना ‘जळक्या काउंट्या’ म्हणतात, आणि पूर्वज तिथला निघाला की शेजारच्या काउंट्या पालथ्या घालतात.

जॉन्सन घराण्यासाठीही काउंटी ओलांडावी लागते, वसाहतसुद्धा. १६६५ च्या सुमाराला ते नॉर्थॅम्प्टनच्या वहीतून नाहीसे होतात आणि मेरिलँडच्या सॉमरसेट काउंटीत उगवतात. तिथे अँथनीने ३०० एकर भाडेपट्ट्याने घेतले, नाव ‘टोनीज व्हिनयार्ड’. कॅसोरही बरोबर होता. १६७० साली अँथनी वारला. त्याच वर्षी मागे व्हर्जिनियात त्याने मुलाला दिलेल्या ५० एकरांचा प्रश्न पंचांपुढे आला आणि त्यांनी ठरवलं की, अँथनी नीग्रो होता, म्हणजे परका होता, तेव्हा जमीन सरकारजमा. तीस वर्षांच्या कष्टांचा दाखला देऊन करमाफी देणारी वहीसुद्धा त्याच वसाहतीची होती.

१६७७ साली त्याच्या नातवाने, जॉनने, सॉमरसेटमध्ये ४४ एकर जमीन घेतली. प्रत्येक जमिनीला नाव देण्याचा तिथे रिवाज होता. नातवाने नाव लिहून दिलं, ‘अंगोला’. अँथनी आणि मेरीची कुठल्याही कोर्टाने कधी न विचारलेली जन्मभूमी कोणती असावी, याचा त्या सगळ्या कागदांत हा एवढाच धागा आहे.