‘मायले इचार’ हे उत्तर कसं मोजायचं?

तापीकाठच्या एका गावात माझ्या ओळखीचं एक घर आहे. तिथला थोरला मुलगा पंधरा वर्षांचा, बौद्धिक अक्षमता असलेला. त्याच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरचा टक्का घरात सगळ्यांना पाठ आहे, कारण 40 च्या खाली असता तर बऱ्याच सवलती मिळाल्या नसत्या. मी त्याला विचारलं, "पुढं काय करावंसं वाटतं तुला?" त्यानं चुलीपुढं बसलेल्या आईकडं पाहिलं आणि म्हणाला, "मायले इचार."

त्याच संध्याकाळी मी त्याच्याबरोबर शेळ्यांमागं गेलो. नाल्यापाशी दोन वाटा फुटत होत्या. जवळच्या वाटेला लागून कपाशीचं शेत होतं आणि त्यावर सकाळीच फवारणी झालेली होती. तो थांबला, वास घेतला आणि कळप लांबच्या वाटेनं वळवला. मागं राहणाऱ्या गाभण शेळीसाठी स्वतःची चालही हळू केली. यातलं काहीच त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

आता या मुलाचा स्वयंनिर्णय किती? हा प्रश्न शास्त्रज्ञांनी खरोखरच मोजायला घेतलेला आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये स्वयंनिर्णयाचा सिद्धांत पुस्तकरूपात मांडला. अपंगत्व असलेल्या किशोरांसाठी मायकेल वेमायर यांनी 1995 मध्ये सहकाऱ्यासोबत 72 प्रश्नांची मोजपट्टी बनवली. पुढं त्यांनी आणि कॅरी शोग्रेन यांनी 21 विधानांची नवी, सुटसुटीत मोजपट्टी केली. वेमायर यांच्या मांडणीचा गाभा असा, की आपल्या आयुष्यात जे घडतं ते घडवण्यात आपला हात असणं म्हणजे स्वयंनिर्णय. सगळं एकट्यानं करता येणं ही त्याची अट नाही.

मोजायचं कशाला? तर 1997 मध्ये वेमायर आणि मिशेल श्वार्ट्झ यांनी शाळा संपवून बाहेर पडलेल्या, अपंगत्व असलेल्या 80 मुलामुलींचा वर्षभरानं माग काढला. ज्यांचा स्वयंनिर्णयाचा गुण जास्त होता, त्यांच्यात पगारी काम करणारे जास्त निघाले.

अडचण येते ती मोजपट्टी अमेरिकेतून आपल्याकडं आणताना. जुन्या मोजपट्टीत आपली खोली आपण सजवतो का, आवडीच्या हॉटेलात जातो का, अशा अर्थाचे प्रश्न आहेत. दोन खोल्यांत सात माणसं राहणाऱ्या घरातला मुलगा यावर ‘नाही’च म्हणणार. तो शून्य गुण त्या मुलाचा नसून घराच्या क्षेत्रफळाचा असतो.

भाषेचा पेच त्याहून नाजूक आहे. ‘मी माझ्या मनानं ठरवतो’ हे वाक्य मराठीत सरळ उतरतं, पण आपल्याकडं ‘तो आपल्या मनाचं करतो’ ही तक्रार असते. शिस्तीत वाढलेलं पोर या वाक्याला मान डोलावणार नाही. त्यात बौद्धिक अक्षमता असलेली बरीच मुलं, प्रश्न नीट कळला नाही की ‘हो’ म्हणून मोकळी होतात. कॅरल सिगेलमन यांनी हे 1981 मध्येच दाखवून दिलं होतं. म्हणून तोच प्रश्न उलटा करूनही विचारावा लागतो, नाहीतर चित्रं दाखवून निवड करायला सांगावी लागते.

प्रश्नावली दोन संस्कृतींत सारखीच चालते का, हे तपासायच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. कापसाचं ट्रॅक्टर वजनकाट्यावर जातं तेव्हाचं चित्र डोळ्यापुढं आणा. पहिली गोष्ट, दोन्ही काट्यांवर कापूसच चढला पाहिजे, एकावर कापूस आणि दुसऱ्यावर सरकी नको; म्हणजे प्रश्नांनी दोन्हीकडं स्वयंनिर्णयच मोजला पाहिजे. दुसरी, एकावरचा क्विंटल दुसऱ्यावरही क्विंटलच भरला पाहिजे; म्हणजे एका गुणाचं मोल दोन्हीकडं सारखं हवं. तिसरी पायरी सगळ्यांत अवघड: रिकाम्या ट्रॅक्टरचं वजन दोन्हीकडं नेमकं वजा झालेलं हवं. प्रश्नावलीत हे रिकामं ट्रॅक्टर म्हणजे घरची रीत, लाज, वडीलधाऱ्यांचा मान. ते वजा न करता खानदेशातल्या मुलांची सरासरी अमेरिकेतल्या कॅन्ससच्या मुलांच्या सरासरीशेजारी ठेवली, तर आपली मुलं कमी पडल्यासारखी दिसतील. अशा तुलनेला मी अन्यायच म्हणेन.

मग ‘मायले इचार’ म्हणजे परावलंबन की आणखी काही? शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा 1999 चा प्रयोग इथं फार उपयोगी पडतो. 7 ते 9 वर्षांच्या मुलांना शब्दकोडी दिली होती. गोऱ्या अमेरिकी मुलांनी स्वतः निवडलेल्या कोड्यांवर सगळ्यांत जास्त मन लावलं. आशियाई वंशाच्या मुलांनी मात्र, ‘ही तुझ्या आईनं निवडलीत’ असं सांगितलेल्या कोड्यांवर. आईची निवड त्यांना परकी वाटली नव्हती. पुढं 2003 मध्ये व्हॅलेरी चिरकोव्ह, रायन आणि सहकाऱ्यांनी दक्षिण कोरिया, रशिया, तुर्कस्तान आणि अमेरिका या चार देशांत पाहिलं. एकट्यानं ठरवणं वेगळं आणि मनापासून पटून वागणं वेगळं, आणि मनाचं स्वास्थ्य दुसऱ्या गोष्टीशी बांधलेलं आहे, असं त्यांना चारही ठिकाणी दिसलं.

पण याचा आधार घेऊन ‘आमच्याकडं आईच ठरवते, तेच बरं’ असं म्हणणं मला मान्य नाही. पटून आईवर सोपवणं आणि कधी कोणी विचारलंच नाही म्हणून आईकडं बघणं, या दोन्हींचं उत्तर कानाला एकच ऐकू येतं. त्यासाठी 1994 ची एक अमेरिकी मोजपट्टी मला जास्त प्रामाणिक वाटते. ती मुलाची क्षमता आणि त्याला मिळणारी संधी असे दोन वेगळे गुण देते, आणि मुलगा, पालक, शिक्षक अशा तिघांनाही विचारते. भारतानं 2007 मध्ये मान्य केलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात स्वतःची निवड स्वतः करण्याचं स्वातंत्र्य हे तत्त्व म्हणून लिहिलेलं आहे. ते खरं व्हायचं तर घरात संधी किती, हे आधी कळायला हवं.

त्याच्या आईला मी विचारलं, बाजारात त्याच्या हातात पैसे देता का? ती म्हणाली, कधीच नाही, हरवील. मग मी पुन्हा त्याच्याकडं वळलो आणि या खेपेला प्रश्न बदलला: घरातल्या शेळ्या विकायची वेळ आली, तर कोणती ठेवशील? त्यानं आईकडं पाहिलं नाही. उठला, गोठ्याच्या कुडापाशी गेला आणि त्या गाभण शेळीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. आई भाकरी थापायची थांबली होती.