0.18 की 1.06? गाळातल्या पाऱ्याच्या दोन रेषा

मे महिन्यात वैनगंगेचं पाणी आटलं की आमच्या गावाजवळच्या डोहाकाठी गाळ उघडा पडतो. वरची करडी साय बोटानं सारली की खाली चिकट, काळाशार थर लागतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. परवा तिथंच मासोळी धरणाऱ्या एका ढिवर काकांनी मोबाईलवर फिरत आलेला मेसेज दाखवला. ‘नदीच्या गाळात पारा 0.6, मर्यादेच्या तिप्पट!’ कोणती नदी, कधीचा नमुना, काही पत्ता नाही.

“काऊन जी गुरुजी, मासोळी खायची का नाही मंग?”

आकडा खरा असेलही. घोळ ‘मर्यादा’ या शब्दात आहे. 2000 साली अमेरिका-कॅनडातल्या संशोधकांनी आधीच्या निरनिराळ्या आकड्यांचा मेळ घालून गोड्या पाण्यातल्या गाळासाठी दोन रेषा सुचवल्या. पाऱ्यासाठी खालची 0.18 आणि वरची 1.06, दोन्ही किलोभर कोरड्या गाळामागे मिलिग्रॅममध्ये. खालच्या रेषेच्या आत पारा असेल तर गाळात राहणाऱ्या जिवांना सहसा अपाय होत नाही. वरच्या रेषेपलीकडे तो बहुधा होतोच. मधल्या पट्ट्यात नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही. तिथं त्या गाळात अळ्या-किडे सोडून किती जगले, किती वाढले हे मोजावं लागतं. मेसेजमधला 0.6 नेमका या पट्ट्यात येतो.

पण भांडताना जो तो आपल्या सोयीची रेषा धरतो. बोंब मारणारा 0.18 घेऊन ‘मर्यादा ओलांडली’ म्हणतो, तर झाकपाक करणारा 1.06 दाखवून ‘मर्यादेच्या आतच आहे’ म्हणतो. मला विचाराल तर झाकपाक करणाऱ्याची चूक जास्त महागात पडणारी. 0.18 च्या वर गेलं तर फार तर एक तपासणी जास्तीची होईल. 1.06 च्या आत म्हणजे स्वच्छ असं धरलं, तर तपासणीच होणार नाही.

त्यात वरची रेषा सगळीकडे एकाच जागी नाही. कॅनडाच्या सरकारी मार्गदर्शनात खालचा आकडा 0.17 आहे, म्हणजे जवळपास तोच. वरचा मात्र 0.486. तोच 0.6 चा गाळ एका हिशेबानं मधल्या पट्ट्यात आणि दुसऱ्या हिशेबानं वरच्या रेषेपलीकडे. पाऱ्यानं विषारी झालेल्या जपानच्या मिनामाता खाडीत तर 25 मिलिग्रॅमच्या वरचा गाळ उपसायचा असं ठरलं होतं आणि ते काम 1977 ते 1990 चाललं. ती रेषा गाळ काढायचा की ठेवायचा यासाठीची. ती आपल्या डोहाला लावून ‘25 पर्यंत चालतं’ म्हणणं म्हणजे कहरच.

आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरमागे 0.001 मिलिग्रॅम आहे. ती गाळातल्या 0.18 शी ताडून ‘180 पट विष’ म्हणणारेही भेटतात. पारा पाण्यात फारसा न राहता बारीक मातीच्या कणांना आणि कुजक्या पाल्याला चिकटून तळाशी बसतो, म्हणून गाळातला आकडा मोठाच येणार. याच कारणानं रेतीचा नमुना घेतला तर पारा कमी दिसतो, काळ्या चिखलाचा घेतला तर जास्त. आणि ओल्या गाळात निम्मं वजन पाण्याचं असलं, तर ओल्या वजनावर काढलेला आकडा निम्माच भरतो. रिपोर्ट हातात आला की ‘कोरड्या वजनावर’ असं लिहिलंय का, हे आधी बघा.

आता काकांचा प्रश्न. या दोन्ही रेषा गाळातल्या अळ्या-किड्यांसाठी आखल्यात, मासोळी खाणाऱ्या माणसासाठी नाहीत. मधे एक पायरी आहे, आणि ती त्या सडक्या वासाच्या थरातच घडते. हवा न पोचणाऱ्या चिखलात काही जिवाणू साध्या पाऱ्याचा मिथिल पारा, म्हणजे त्याचं जास्त विषारी रूप, करतात. तो अळीत जातो, अळीतून लहान मासोळीत, लहानीतून मोठीत, आणि दर पायरीला वाढत जातो. गाळात पारा तेवढाच असला तरी मिथिल पारा किती होईल ते डोहागणिक बदलतं. म्हणून 0.18 च्या आतला गाळ मासोळीची हमी देत नाही आणि 0.6 चा गाळ ती विषारी झाल्याचं सिद्ध करत नाही. त्यासाठी मासोळीच तपासावी लागते, आणि आधी मरळ. मरळ दुसऱ्या मासोळ्या, बेडूक खाते. रोहू बराचसा शेवाळ-पाल्यावर जगतो. एकाच डोहातले दोघे, पण पारा मरळीत जास्त साठतो. तो मांसातच मुरतो, त्यामुळे खवले काढून, धुऊन किंवा खरपूस तळून जात नाही.

हे ऐकून काकांनी टोपलीतली मरळ उचलली, उलटीपालटी करून पाहिली. “मंग गाळच कायले नेते जी हे लोक? हिले न्या ना.”