सर्दी की ॲलर्जी? शेंबडाचा रंग नको, खाज बघा

मुलाचं नाक गळायला लागलं की घरात आधी शेंबडाच्या रंगाची चर्चा होते. हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच, असा समज तर पक्काच बसलाय. विषाणूमुळे होणाऱ्या साध्या सर्दीतही दोन-तीन दिवसांत शेंबूड घट्ट, पिवळा-हिरवा होतो आणि आपोआप निवळतो. ॲलर्जीत तो पाण्यासारखा पातळच राहतो, पण सर्दीही सुरू होते तशीच. त्यामुळे पहिल्या दिवशी रंगावरून काहीच ठरत नाही.

ठरतं ते खाजेवरून. हवेतल्या परागकणांची ॲलर्जी असलेलं मूल तळहाताने नाक खालून वर चोळत राहतं, इतकं की कधीकधी नाकाच्या शेंड्याच्या वर आडवी रेघ उमटते. डोळे चोळतं, टाळू खाजते म्हणून जिभेने टक्-टक् आवाज काढतं. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ लागते. सर्दीत शिंका येतात, पण एवढी खाज नसते. तिथे घसा दुखतो, अंग मोडून येतं, ताप येतो. ॲलर्जीने ताप येत नाही. ताप असेल तर कारण दुसरं शोधा.

दुसरी खूण कॅलेंडरवर सापडते. सर्दी साधारण 7 ते 10 दिवसांत आटोपते. ॲलर्जी आठवडेच्या आठवडे रेंगाळते आणि पुढच्या वर्षी त्याच सुमाराला परत येते. लहान मुलांना वर्षात 6-8 वेळा सर्दी होऊ शकते, त्यामुळे 'याला सारखीच सर्दी' एवढ्यावरून ॲलर्जीचा शिक्का मारू नये. दोन वर्षांखालच्या बाळाला तर मोसमी ॲलर्जी सहसा नसतेच.

फरक कळला की उपायही बदलतात. सर्दीला आराम, पातळ पदार्थ आणि नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात. ॲलर्जीत बाहेरून आल्यावर कपडे बदलणं, झोपण्याआधी केस धुणं, परागकणांच्या दिवसांत खिडक्या बंद ठेवणं यानेही बराच फरक पडतो. औषधांत डॉक्टर सेटिरिझिनसारखी, जुन्या औषधांपेक्षा कमी झोप आणणारी गोळी किंवा सिरप देतात, नाहीतर नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे. स्टेरॉइड म्हटलं की पालक दचकतात, पण सांगितलेल्या मात्रेत हा उपाय चांगला चालतो. अडचण वेगळीच असते: पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात आणि दोन दिवसांत 'काही उपयोग नाही' म्हणून बाटली कपाटात जाते. स्प्रे मारताना नळी मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने धरा. नाहीतर घोळणा फुटू शकतो.

छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा धाप लागत असेल तर घरगुती निदान थांबवून डॉक्टरांकडे जा. आणि एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर बहुतेक तिथे मणी किंवा शेंगदाणा अडकलेला असतो. तो घरी काढायला जाऊ नका, आणखी आत सरकतो.