पार्श्वभूमी : व्हिडिओ गेमवरचे चित्रपट आणि चाहत्यांचा जुना अविश्वास

एखाद्या गाजलेल्या व्हिडिओ गेमवर चित्रपट येणार अशी घोषणा झाली, की चाहते आधी सावध होतात आणि आनंद नंतर होतो. नायकाचा पोशाख तोच आहे का, कथेत किती ढवळाढवळ केली आहे, मूळ गेम बनवणाऱ्यांना कोणी विचारले आहे का, असे प्रश्न ट्रेलर येण्याआधीच सुरू होतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा हट्ट वाटतो. परंतु त्यामागे चाळीस वर्षांचा अनुभव आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय आजच्या वादांचा अर्थ लागत नाही. चित्रपट आणि गेम यांचे मुळातच जमत नाही, असे या चाळीस वर्षांत वारंवार सांगितले गेले. मला ते पटत नाही. जी रूपांतरे फसली, त्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत कामाला वेळ किती दिला आणि निर्णय कोणाच्या हातात होते, या दोन गोष्टी तपासल्या तरी पुरेसे उत्तर मिळते.

सुरुवात उलट्या दिशेने, म्हणजे चित्रपटांवरून गेम बनवण्यापासून झाली. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई.टी.’ हा चित्रपट जून १९८२ मध्ये प्रदर्शित झाला आणि प्रचंड चालला. अटारी कंपनीने त्यावर गेम काढण्याचे हक्क मिळवले, तोपर्यंत जुलै संपत आला होता. नाताळच्या खरेदीसाठी कार्ट्रिज (गेम साठवलेल्या, यंत्रात बसवायच्या डब्या) दुकानांत पोहोचवायचे, तर सप्टेंबरच्या सुरुवातीला काम हातावेगळे होणे भाग होते, त्यामुळे गेम तयार करणारे अटारीचे प्रोग्रामर हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांच्या वाट्याला जेमतेम पाच आठवडे आले. वॉर्शॉ नवखे नव्हते. ‘यार्स रिव्हेंज’ हा अटारीचा नावाजलेला गेम त्यांनीच केला होता, पण त्यासाठी त्यांना कित्येक महिने मिळाले होते. ‘ई.टी.’मध्ये खेळणाऱ्याने दूरच्या ग्रहाशी बोलण्याच्या यंत्राचे तीन तुकडे शोधायचे होते आणि ते खड्ड्यांत दडलेले होते. खड्ड्यात पडल्यावर मान ताणून हळूहळू वर तरंगायचे आणि काठाशी आल्यावर अंदाज किंचित चुकला की पुन्हा तळाशी, हा प्रकार इतक्या वेळा घडे की ज्यांनी तो गेम खेळला त्यांच्या आठवणीत प्रामुख्याने ते खड्डेच राहिले. कल्पना वाईट नव्हती. ती घासूनपुसून घ्यायला, आणखी चार जणांच्या हाती देऊन पाहायला वेळ नव्हता.

विक्रीचा अंदाज फसला, लाखो कार्ट्रिज पडून राहिले आणि सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीने न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डो येथील कचरा डेपोत बराच माल पुरून टाकला. माल पुरल्याची ही गोष्ट अनेक वर्षे दंतकथाच मानली जात होती. एप्रिल २०१४ मध्ये तिथे उत्खनन झाले आणि ‘ई.टी.’सह अनेक गेमचे कार्ट्रिज खरोखरच निघाले. अमेरिकेतील गेमचा बाजार त्या काळात कोसळला, तो एका गेममुळे कोसळला असे म्हणणे मात्र अन्यायाचे आहे. सुमार गेमचा महापूर आला होता, दुकानदार न विकलेला माल परत पाठवत होते आणि घरगुती संगणक स्वस्त होत होते. तरीही त्या पडझडीची खूण म्हणून लोकांच्या लक्षात राहिला तो ‘ई.टी.’च, आणि चित्रपटावरचा गेम म्हणजे घाईघाईत उरकलेला माल, ही समजूत तिथेच रुजली.

त्याच्या नेमके उलट उदाहरण पंधरा वर्षांनी आले. जेम्स बॉन्डचा ‘गोल्डनआय’ हा चित्रपट नोव्हेंबर १९९५ मध्ये लागला. रेअर या ब्रिटिश स्टुडिओने त्यावर केलेला गेम निन्टेन्डो ६४ या घरगुती गेमयंत्रावर आला तो ऑगस्ट १९९७ मध्ये, म्हणजे चित्रपट थिएटरमधून उतरून कित्येक महिने लोटल्यावर. जाहिरातीच्या हिशेबाने हा उशीर आत्मघातकी होता. परंतु मार्टिन हॉलिस यांच्या नेतृत्वाखालील छोट्या चमूला या उशिराचा फायदा झाला. चित्रपटाच्या सेटवर जाऊन त्यांनी छायाचित्रे जमवली होती, त्या जागा गेममध्ये उभ्या केल्या आणि चित्रपटात न दाखवलेल्या खोल्या, मार्ग, कोपरे आपल्या बुद्धीने जोडले. चार जणांनी एकाच पडद्यासमोर बसून खेळायचा जो भाग पुढे सर्वाधिक गाजला, तो अखेरच्या काही महिन्यांत घातला गेला. गेमच्या ८० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. चित्रपटाशी प्रामाणिक राहायचे म्हणजे त्याचे प्रसंग ओळीने मांडायचे नसतात, त्यातले जग खेळणाऱ्याला मोकळेपणाने हिंडण्यासाठी द्यायचे असते, हे या चमूने दाखवून दिले, आणि माझ्या लेखी चित्रपटांवरच्या गेमचा मापदंड आजही तोच आहे.

गेमवरून चित्रपट बनवण्याचा रस्ता यापेक्षा खडतर ठरला. हॉलिवूडचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे मे १९९३ मधील ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. मारिओ या गेम-नायकाची मालक असलेल्या निन्टेन्डो कंपनीने हक्क दिले, पण निर्मितीत फारसे लक्ष घातले नाही. पटकथा पुन्हा पुन्हा लिहिली गेली आणि अखेरीस रंगीबेरंगी, हसऱ्या जगाच्या जागी डायनासोरांपासून उत्क्रांत झालेल्या माणसांचे अंधारे, बुरशीने लडबडलेले शहर पडद्यावर आले. गेममधले गुटगुटीत, चिमुकले शत्रू, म्हणजे गूंबा, चित्रपटात अवाढव्य देहाचे आणि इवल्याशा डोक्याचे झाले. बॉब हॉस्किन्स, जॉन लेग्विझामो, डेनिस हॉपर हे तिघेही कसलेले नट होते, तेव्हा गुणवत्तेची वाण होती असे म्हणता येत नाही. मारिओवर प्रेम करणाऱ्या मुलांना त्यात मारिओ सापडेना आणि इतरांना चित्रपट पाहण्याचे कारण सापडेना. त्यानंतर सुमारे तीन दशके निन्टेन्डोने मारिओला चित्रपटगृहापासून दूर ठेवले.

पुढच्या वर्षी ‘स्ट्रीट फायटर’ आला. राउल जुलिया यांची खलभूमिका सोडली तर त्यात लक्षात ठेवण्याजोगे थोडे आहे. १९९५ चा ‘मॉर्टल कॉम्बॅट’ मात्र अमेरिकेत सलग तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. या गेममधल्या रक्तपातामुळे १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली होती आणि त्यातूनच पुढच्या वर्षी गेमना वयोगटाचे शिक्के देणारे मंडळ उभे राहिले. दिग्दर्शक पॉल डब्ल्यू. एस. अँडरसन यांनी तो रक्तपात जवळजवळ वगळला, पण स्पर्धेची चौकट, पात्रांचा बाज आणि द्वंद्वयुद्धांचा ठेका तसाच ठेवला. कथा पातळ होती, यात शंका नाही. तरी कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे त्यांना बरोबर उमगले होते.

नव्या शतकाच्या आरंभी पैसा वाढला, आदर मात्र वाढला नाही. ‘टूम रेडर’ने २००१ मध्ये अँजेलिना जोलीच्या बळावर उत्तम कमाई केली. त्याच वर्षीच्या ‘फायनल फँटसी : द स्पिरिट्स विदिन’मध्ये हिरोनोबू साकागुची यांनी पूर्णपणे संगणकावर घडवलेली, हुबेहूब दिसणारी माणसे पडद्यावर आणली, मूळ गेमच्या निर्मात्यानेच केलेला तो चित्रपट होता, पण गेमच्या मालिकेशी त्याचे नाते नावापुरतेच राहिले, सुमारे १३.७ कोटी डॉलरचा खर्च भरून निघाला नाही आणि त्यासाठी उभारलेला स्टुडिओ बंद करावा लागला. निर्मात्याचा हात असला की काम फत्ते, अशी सरळ समजूत करून घेणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. पाठोपाठ जर्मन दिग्दर्शक उवे बोल यांचे ‘हाउस ऑफ द डेड’, ‘अलोन इन द डार्क’, ‘ब्लडरेन’ हे चित्रपट एकामागून एक आले. जर्मनीत त्या काळी चित्रपटात गुंतवलेल्या रकमेवर करसवलत मिळत असे, त्यामुळे समीक्षकांनी आणि प्रेक्षकांनी नाकारूनही नव्या चित्रपटासाठी भांडवल उभे राहत होते. बोल यांनी चित्रपट काढणे थांबवावे, अशी याचिका २००८ मध्ये चाहत्यांनी इंटरनेटवर चालवली आणि तिला लाखोंच्या संख्येने सह्या मिळाल्या. आजचा संशयी चाहता घडला तो प्रामुख्याने याच वर्षांत.

चाहत्यांच्या मताला वजन येण्यामागे आणखी एक कारण होते. समीक्षणे एकत्र करणाऱ्या, २००१ मध्ये सुरू झालेल्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळाने चित्रपट, गेम आणि संगीत या सर्वांना शंभरपैकी गुण देण्याची पद्धत रूढ केली. चित्रपट आणि गेम या दोन्हींच्या चाहत्यांना प्रथमच एकच मोजपट्टी मिळाली आणि तिचा धाक निर्मात्यांच्या कार्यालयांपर्यंत पोहोचला. ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ या २०१० च्या गेमसाठी ऑब्सिडियन स्टुडिओला ठरलेली रक्कम मिळाली होती आणि ८५ गुण मिळाले तरच वरचा बोनस मिळणार होता, गेमला ८४ गुण पडले. आज तो गेम त्या मालिकेतील सर्वोत्तम मानणारे अनेक आहेत, मीही त्यांतलाच एक आहे, आणि एका गुणाने हुकलेल्या त्या बोनसचे मला आजही वाईट वाटते. मत हे आकड्यात कोंबले की त्यातले कारण गळून पडते, आणि पुढे चाहत्यांच्या झुंडींनी याच आकड्यांचा शस्त्रासारखा वापर केला. गेम हाती पडून काही तास होत नाहीत तोच शून्य गुणांचा भडिमार होऊ लागला, तेव्हा २०२० मध्ये मेटाक्रिटिकला वापरकर्त्यांच्या गुणांसाठी ३६ तासांची प्रतीक्षा ठेवावी लागली.

चाहत्यांचा आवाज थेट पडद्यावर उमटला तो २०१९ मध्ये. एप्रिलअखेर ‘सॉनिक’च्या पहिल्या ट्रेलरमध्ये दिसलेल्या सॉनिकला माणसासारखी दातांची कवळी होती, बारीक आणि एकमेकांपासून सुटे डोळे होते, आणि गेममधला तो चपळ, मोठ्या डोळ्यांचा निळा प्राणी त्यात कुठेच नव्हता. विरोध इतका तीव्र होता की दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी काही दिवसांतच रूप बदलण्याचे आश्वासन दिले आणि प्रदर्शन नोव्हेंबरवरून फेब्रुवारी २०२० पर्यंत पुढे गेले. नवे रूप निःसंशय चांगले होते आणि चित्रपट चालला. परंतु या विजयातून चाहत्यांनी एक अपुरा धडा घेतला: रूप बरोबर असले की रूपांतर बरोबर, असे जणू ठरूनच गेले.

तो धडा अपुरा का, हे ‘द लास्ट ऑफ अस’ या गेमवरच्या टीव्ही मालिकेच्या जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या तिसऱ्या भागाने सर्वांत स्पष्टपणे दाखवले. २०१३ च्या मूळ गेममध्ये बिल हा तिरसट, एकटा माणूस भेटतो. त्याचा जोडीदार फ्रँक त्याला सोडून गेलेला असतो आणि त्याचा मृतदेह व बिलविषयीच्या तिटकाऱ्याने भरलेली चिठ्ठी खेळणाऱ्याच्या हाती लागते. मालिकेत पटकथाकार क्रेग माझिन आणि गेमचे लेखक नील ड्रकमन यांनी याच दोघांचे दीर्घ, समाधानी सहजीवन दाखवले. घटना उलटी झाली, पण आपल्या माणसाखातर कोणी काय करील, हा गेमचा मूळ प्रश्न अधिक धारदार झाला. खेळताना बिलबरोबर झुंजत पुढे जाण्यात जी ओढ होती, ती नुसते पाहणाऱ्याला लागली नसती, हे गेम लिहिणाऱ्यालाच ठाऊक असणार. काही चाहत्यांना हा बदल खटकला. माझ्या मते तो आजवरच्या गेम-रूपांतरातला सर्वांत धाडसी आणि सर्वांत प्रामाणिक तास आहे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मारिओ परतला, या वेळी ॲनिमेशनमध्ये आणि मारिओचे जनक शिगेरू मियामोतो स्वतः सहनिर्माते असताना. त्याने जगभरात सुमारे १३६ कोटी डॉलर मिळवले. समीक्षकांना कथा पोकळ वाटली, प्रेक्षक खूश झाले. २०२५ मधील ‘माइनक्राफ्ट’च्या वेळीही बव्हंशी हेच घडले. मला दोन्ही बाजूंचे म्हणणे समजते. मारिओचा तो चित्रपट डोळ्यांना विलक्षण सुखावतो आणि त्यातल्या खुणा ओळखण्याचा आनंद खरा आहे, पण ओळखीच्या पलीकडे त्याच्याकडे देण्यासारखे फार थोडे आहे. १९९३ मध्ये आपले काहीच राखले गेले नव्हते म्हणून आता सगळे राखले गेले यावरच समाधान मानणे, ही चाहत्यांनी स्वतःची केलेली फसवणूक होईल.

यापुढची मोठी कसोटी ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ची आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये निन्टेन्डोने वेस बॉल यांच्या दिग्दर्शनाखाली त्यावर जिवंत नटांचा चित्रपट जाहीर केला आणि निर्मात्यांत पुन्हा मियामोतो आहेत. म्हणजे वेळ आणि निर्णय या दोन्ही बाबतींत तक्रारीला जागा उरू नये. अडचण आहे ती नायकाची. लिंक गेममध्ये बोलत नाही, कारण त्याच्या जागी आपण असतो. १९८९ च्या टीव्हीवरील कार्टूनमध्ये त्याला वाचा दिली गेली, तेव्हा राजकन्या झेल्डाला उद्देशून म्हटलेले त्याचे एक पालुपद चाहत्यांच्या थट्टेचा विषय झाले आणि आजही आहे. दोन तास मूक राहणारा नायक प्रेक्षकांना पेलेल का, आणि तो बोललाच तर कोणाच्या आवाजात, हा पेच नव्या चित्रपटाला पोशाख आणि तलवार यांच्या आधी सोडवावा लागेल. त्याला मोजकेच शब्द द्यावेत, आणि तेही झेल्डाशी बोलताना, असे मला वाटते.