एक्स्टेंडेड एसेचं रिफ्लेक्शन: ५०० शब्दांत गुण कुठे निसटतात

आयबी डिप्लोमा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रम) करणाऱ्या प्रत्येकाला एक्स्टेंडेड एसे, म्हणजे स्वतः संशोधन करून लिहायचा निबंध, लिहावाच लागतो. जास्तीत जास्त ४,००० शब्दांचा निबंध आणि सोबत ५०० शब्दांपर्यंतचं रिफ्लेक्शन, म्हणजे तो निबंध करताना काय घडलं आणि काय शिकलो याचं निवेदन. निबंधावर महिनोन्‌महिने राबलेली मुलं हे ५०० शब्द शेवटच्या रात्री उरकतात आणि हातातले गुण घालवतात. दरवर्षी हे पाहते, म्हणून लिहिते आहे.

पहिला घोळ जुन्या-नव्या नियमांचा. २०२६ पर्यंतच्या परीक्षांना रिफ्लेक्शनचा जुना फॉर्म: सुपरवायझरसोबतच्या (मार्गदर्शक शिक्षकासोबतच्या) तीन बैठकांनंतर तीन नोंदी, तिन्ही मिळून ५०० शब्द, ३४ पैकी ६ गुण. मे २०२७ पासून मात्र एकच सलग निवेदन, तेही शेवटच्या म्हणजे वायवाच्या (तोंडी मुलाखतीच्या) बैठकीनंतर, ३० पैकी ४ गुण. बैठका तीनच राहिल्या आहेत. मोठ्या भावंडाचा किंवा सीनियरचा फॉर्म समोर ठेवून लिहू नका. आधी आपलं परीक्षेचं वर्ष बघा.

मर्यादेपुढचे शब्द परीक्षक वाचत नाहीत. रिफ्लेक्शन निबंधाच्याच भाषेत हवं. जुन्या फॉर्मवर नोंद त्या-त्या वेळीच लिहायची असते, सुपरवायझर तारीख आणि आद्याक्षरं घालतात. तीनही नोंदी मार्चमध्ये एका दमात लिहिल्या तर ते वाचताना लगेच कळतं. जमा करायची शाळेने दिलेली तारीख आयबीच्या तारखेच्या आधीची असते. तुमच्यासाठी तीच खरी.

आता मुख्य अडचण. मुलांना वाटतं, चूक कबूल केली की गुण जातील. म्हणून "मला वेळेचं नियोजन शिकायला मिळालं" अशी वाक्यं येतात. अहो, जुन्या निकषात सर्वांत वरच्या पातळीवर अडचणींना दिलेला प्रतिसादच पाहिला जातो! नव्या निकषातही तुम्ही काय शिकलात आणि ते पुढे कुठे वापराल हे हवं आहे. असं लिहा: "विरघळलेल्या ऑक्सिजनचे पहिले आकडे जुळेनात. नमुने दोन दिवस तसेच राहिले होते. पुढचे नमुने त्याच दिवशी तपासायचे ठरवलं, त्यामुळे पाचाऐवजी दोनच विहिरी घेता आल्या." यात चूक आहे, निर्णय आहे आणि त्या निर्णयाची किंमतही आहे. "खूप कष्ट घेतले" हे वाक्य त्यापुढे काहीच सांगत नाही. निबंधाचा सारांशही इथे नको, परीक्षकाने निबंध वाचलेलाच असतो.

पालकांनो आणि क्लासवाल्यांनो, हे मुलांच्या वतीने लिहून देऊ नका. वायवाला सुपरवायझर समोर बसतात आणि न केलेल्या कामाबद्दल बोलताना मूल अडखळतं. फार वाईट वाटतं ते बघताना.

एवढं नेमकं लिहायला डायरी लागते. आयबी तिची शिफारस करतं, पण ती जमा करायची नसते, म्हणून बहुतेकांकडे नसतेच. आज सुरू करा: तारीख, काय केलं, काय फसलं, काय बदललं, चार ओळी पुरेत. आधीचे महिने कोरे असतील तर आठवणीवर विसंबू नका, मनाने तारखाही रचू नका. गूगल डॉक्समधल्या जुन्या आवृत्त्या उघडा, सुपरवायझरला पाठवलेले मेल काढा, प्रयोगाच्या फोटोंच्या तारखा बघा. संशोधनप्रश्न कधी आणि का बदलला, हे बहुतेक वेळा तिथेच सापडतं.