कुबलाई-अरिक बोके संघर्षाची पार्श्वभूमी

1260 साली मंगोल साम्राज्याला एकाच वेळी दोन महाखान मिळाले. कुबलाईने आपली कुरुलताई, म्हणजे राजघराण्याची सभा, उत्तर चीनमधल्या काइपिंगला भरवली. त्याचा सख्खा धाकटा भाऊ अरिक बोके याने मंगोलियात. साम्राज्य फुटले ते या युद्धात, असे सहसा लिहिले जाते. पण ही भाऊबंदकी तोवर दोन पिढ्या मुरलेली होती.

चंगीझ खानाच्या समाजात वारसाबद्दल एक पक्का नियम नव्हता. बापाचा तळ आणि मूळ मुलूख धाकट्या मुलाकडे जाई, खान कुरुलताईत निवडला जाई, आणि निवड होईपर्यंत कारभार बहुधा विधवा राणी पाही. त्यामुळे ज्याला जी रीत सोयीची, तिचा तो आधार घेई.

त्यात चंगीझच्या थोरल्या मुलाचा, जोचीचा, प्रश्न होता. त्याची आई बोर्ते हिला मेर्किट टोळीने पळवून नेले होते आणि सुटकेनंतर लवकरच तो जन्मला. मध्य आशियातल्या ख्वारझम राज्यावरच्या मोहिमेआधी वारसाची चर्चा निघाली, तेव्हा दुसऱ्या मुलाने, चगताईने, बापासमोरच त्याच्या जन्मावर शंका घेतली. दोघे हातघाईवर आले. तडजोड म्हणून तिसरा, ओगदाई, ठरला. तो 1229 मध्ये गादीवर बसला. तडजोडीने तंटा मिटला नाही, पुढच्या पिढीवर ढकलला गेला.

1241 मध्ये ओगदाई वारला. आपला नातू शिरेमुन खान व्हावा अशी त्याची इच्छा होती. विधवा तोरेगेनेने ती बाजूला सारली, जवळजवळ पाच वर्षे कारभार हाती ठेवला आणि 1246 मध्ये स्वतःचा मुलगा गुयुक याला निवडून आणले. मुत्सद्दीपणात ती कमी नव्हती, पण या एका खेळीने तिने आपल्याच घराण्याचा दावा पोकळ केला. गुयुकचे जोचीपुत्र बातूशी युरोपच्या मोहिमेपासून वैर होते. 1248 मध्ये तो फौजेसह पश्चिमेला निघाला आणि वाटेतच मेला.

खरी धोरणी बाई दुसरीच होती. चंगीझचा धाकटा मुलगा तोलुई याची विधवा सोर्गाग्तानी. ओगदाईने तिला गुयुकशी लग्न करण्याचे सुचवले, तेव्हा मुलांना वाढवायचे आहे असे सांगून तिने ते नम्रपणे टाळले. मोंगके, कुबलाई, हुलागू आणि अरिक बोके हे तिचे चार मुलगे. गुयुक पश्चिमेला निघाल्याची सूचना तिनेच बातूला गुपचूप पाठवली होती. बातू स्वतः गादीच्या शर्यतीत उतरला नाही (बापाच्या जन्माचा वाद आड आला असावा), पण आपले वजन त्याने मोंगकेच्या पारड्यात टाकले. गादी ओगदाईच्याच वंशात ठेवण्याच्या शपथेची आठवण विरोधकांनी काढली. उत्तर तयार होते: शिरेमुनला डावलून ओगदाईची इच्छा आधी कोणी मोडली?

1251 मध्ये मोंगके महाखान झाला. सोहळा चालू असताना शिरेमुन आणि गुयुकचे मुलगे नजराणा घेऊन येत होते. हरवलेले जनावर शोधायला गेलेल्या, ससाणे सांभाळणाऱ्या एका सेवकाला त्यांच्या मोडलेल्या गाडीत शस्त्रे दिसली, असे फारसी इतिहासकार सांगतात. कट खरा असो वा सोयीचा, मोंगकेने ओगदाई आणि चगताई या दोन्ही शाखांतले विरोधक निपटून काढले. गुयुकच्या विधवेला पाण्यात बुडवून मारले.

1259 मध्ये मोंगके चीनच्या स्वारीत मेला आणि आता तोलुईचेच घर दुभंगले. अरिक बोके धाकटा, मूळ मुलुखात बसलेला. कुबलाईकडे चीनचे धान्य. मंगोलियातली राजधानी काराकोरम हिला जाणाऱ्या धान्याच्या गाड्या त्याने रोखल्या. रसदीसाठी अरिक बोकेने मध्य आशियात पाठवलेला चगताईचा नातू अलगू उलटला, आणि 1264 मध्ये अरिक बोके शरण आला. दरम्यान, हुलागू आणि बातूचा भाऊ बर्के यांचे 1262 पासून वेगळेच युद्ध जुंपले होते. 1251 च्या कत्तलीतून वाचलेला ओगदाईचा नातू कैदू मात्र कुबलाईपुढे कधीच झुकला नाही. 1301 मध्ये मरेपर्यंत तो लढत राहिला.