बोल्ट ॲक्शन रायफल घ्यायचीय? आधी लायसनचं बघा (सोलापूर)

बोल्ट ॲक्शन म्हणजे दर बारानंतर हातानं बोल्ट मागं-पुढं ओढायची रायफल. आपल्याकडं लोक आधी रायफल पसंत करतात आणि मग लायसनच्या मागं लागतात, तिथंच सगळं फसतं. कारण तुम्ही कुठल्या कारणासाठी मागताय त्यावर फॉर्म ठरतो, म्हणून कारण आधी पक्कं करा.

शिकार हे कारण लिहूच नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि नान्नजच्या माळावरची काळवीटं, माळढोक तर अजिबात विषय नाही. रानडुकरं ऊस-मका लोळवतात म्हणून पीकसंरक्षण हे खरं कारण असेल तर लायसन फॉर्म ४ मध्ये मिळतं, आणि स्वसंरक्षण किंवा नेमबाजी असेल तर फॉर्म ३ मध्ये. लायसन मिळालं म्हणजे डुक्कर मारायची परवानगी मिळाली असं नाही बरं का, ती वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते.

अर्ज एनडीएएल-एएलआयएस या हत्यार लायसनच्या सरकारी पोर्टलवर ए-१ फॉर्ममध्ये. सोलापूर शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालय, मोहोळ, बार्शी, अक्कलकोट वगैरे असाल तर जिल्हाधिकारी कार्यालय. वय २१ पूर्ण पाहिजे. आधार, रहिवासी पुरावा, वयाचा दाखला, फोटो, एस-३ फॉर्ममधलं डॉक्टरांचं सर्टिफिकेट (शरीराचं आणि मानसिक आरोग्याचं दोन्ही), हत्यार हाताळायच्या ट्रेनिंगचं एस-१ सर्टिफिकेट, आणि पीकसंरक्षणासाठी चालू सातबारा नि आठ-अ. सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का ते अर्ज भरायच्या आधीच बघा, माझं वडिलांच्या नावातल्या एका वेलांटीवरून अडलं होतं आणि दोन हेलपाटे झाले. मग पोलीस स्टेशनची चौकशी येते, शेजाऱ्यांनाही विचारतात, जुनी केस असेल तर लपवू नका. अर्ज नाकारला तर लेखी कारण मागा, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी नाकारला असेल तर ३० दिवसांत पुण्याला विभागीय आयुक्तांकडं अपील करा.

आता रायफल. साध्या लायसनवर आपल्याकडं बहुतेकांच्या हाती येते ती सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीची .३१५ (हे नळीचं माप, इंचात), जुन्या ब्रिटिश ली-एनफिल्ड लष्करी रायफलीच्या धाटणीची. काकांची मी लहानपणापासून बघतोय, बोल्टची मूठ वर उचलून मागं ओढली की रिकामी पितळी पुंगळी टणकन बाहेर पडते, बुडाला कडा असलेली, हातात घेतली की गरम. गोळी जड आणि तशी मंद, पण मंद म्हणजे जवळच पडेल असं समजू नका, चुकलेली गोळी पार पलीकडच्या वस्तीपर्यंत जाऊ शकते, म्हणून मागं मातीचा बांध असल्याशिवाय बार काढायचाच नाही. .३०३ मागू नका, ते प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे साध्या लायसनवर न मिळणारं नळीचं माप. व्हिडिओत दिसणाऱ्या हलक्या परदेशी रायफली तर साध्या लायसनवर मागवताच येत नाहीत, आणि रायफल हलकी तेवढा खांद्याला धक्का जास्त, हे लक्षात ठेवा.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं आणि लायसन ५ वर्षांचं. काडतुसं किती घ्यायची ते लायसनवरच लिहिलेलं असतं. इलेक्शनच्या आचारसंहितेत जमा करायची नोटीस आली तर जमा करा आणि पावती जपून ठेवा. आणि वरातीत हवेत बार काढला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, मग नवरदेव सख्खा भाऊ का असेना.